खडूच्या टेकडीवर

काही घरांत भाऊबंदकीचा विषय निघत नाही, काही घरांत पळून गेलेल्या आत्याचा. आमच्या घरात गोल्फचा विषय निघत नसे. पन्नासहून अधिक वर्षे निघाला नाही. टीव्हीवर चुकून हिरवळ आणि पांढरी टोपी दिसली की मी उठून चॅनल बदलत असे. आमच्या सौ.ना वाटायचे, ह्या माणसाला श्रीमंतांच्या खेळाचा तिटकारा आहे. तसे वाटू देणे मला सोयीचे होते.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे मुलाकडे इंग्लंडला गेलो. चिरंजीव नोकरीला साउदॅम्प्टनला, पण राहतात विंचेस्टरला. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. गाव म्हणायला शहर, पण आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणापेक्षा मोठे नाही. मधोमध प्रचंड मोठे कॅथीड्रल, शेजारून वाहणारी इचन नावाची नदी आणि भोवती हिरव्या टेकड्या. पोहोचून आठवडा झाला असेल-नसेल, चिरंजीवांनी जेवताना जाहीर केले, "बाबा, तुमच्या वाढदिवसाला आपण गोल्फ खेळायला जायचं. शेजारचे आजोबा तिथले सभासद आहेत. ते आपल्याला पाहुणे म्हणून नेणार आहेत."

मी आमटीत पोळी बुडवत राहिलो. मग म्हणालो, "मला गुडघ्याचा त्रास आहे."

"काल तुम्ही सेंट कॅथरिनची टेकडी चढून आलात."

दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा सौ. म्हणाल्या, "पोरानं एवढं ठरवलंय तर जा की. हिरवळीवर चालून तर याल!" आणि मग तीन आठवडे मी रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या सरावाच्या जागी जाऊन, भाड्याच्या काठ्यांनी, जाळीच्या दिशेने चेंडू मारत होतो. शंभरातले सत्तर जमिनीवरून घरंगळत जायचे. उरलेल्या तीसांपैकी दोन-तीन मात्र असे जायचे, की हाताला काही लागलेच नाही असे वाटावे. ती जाणीव मला ओळखीची होती. चिरंजीवांना ते माहीत नव्हते.

शेजारचे आजोबा म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. वय ऐंशीच्या आसपास, उंच, किंचित वाकलेले, बोलणे हळू. गाडीत त्यांनी मला पहिला धडा दिला तो भाषेचा. आपण चाललो आहोत त्या जागेचे नाव टेग डाऊन. इंग्रजीत डाऊन म्हणजे खाली, हे आपण पाचवीत शिकलो; पण हा डाऊन म्हणजे टेकडी. जुन्या इंग्रजीतला शब्द. आणि टेग म्हणजे दुसऱ्या वर्षातली मेंढी. थोडक्यात, ही मेंढ्यांची टेकडी. शहराच्या पश्चिमेला आहे. विंचेस्टरहून जुन्या सेरमला, म्हणजे आजच्या सॉल्झबरीकडे, जाणारी रोमनांची सडक ह्याच बाजूने गेलेली. रॉयल विंचेस्टर गोल्फ क्लब स्थापन झाला १८८८ साली, शहराच्या दुसऱ्या अंगाला. टेग डाऊनवर तो आला १९०१ साली, आणि नावामागे 'रॉयल' लागले १९१३ मध्ये, पाचव्या जॉर्जच्या कृपेने. हाच पाचवा जॉर्ज दोन वर्षांआधी मुंबईत उतरला होता आणि त्याच्या आठवणीत आपण गेटवे बांधला. ही माहिती मी आजोबांना दिली, तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला कमान मिळाली, आम्हाला एक शब्द. तुमचा सौदा बरा."

मैदानावर उतरल्यावर पहिल्यांदा जाणवते ते पायाखाली. आपल्या पावसाळी गवतात पाय रुततो, चिकटतो. इथे पाऊल टाकले की जमीन ते अलगद परत करते. मे महिना, सकाळी पाऊस पडून गेलेला, आणि तरी बुटाला चिखल नाही. आजोबांनी काठीच्या टोकाने सशाच्या बिळाशेजारची माती उकरून दाखवली. दोन-तीन बोटे काळी माती आणि खाली पांढराशुभ्र खडू. अक्षरशः खडू. बोटाला लावला तर फळ्यावर लिहिता येईल. (आपल्या शाळेतला खडू हल्ली जिप्समचा असतो, ही गोष्ट वेगळी.) दक्षिण इंग्लंडच्या ह्या सगळ्या टेकड्या खडूच्या आहेत. दहा ते सात कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे तळाशी साठत गेली, शेकडो फूट जाडीचा थर झाला, पुढे तो वर उचलला गेला. खडू पाणी धरून ठेवत नाही, पिऊन टाकतो, आणि खाली नेऊन झऱ्यांना देतो. म्हणून इचन नदीचे पाणी असे नितळ, की पुलावर उभे राहिले तर तळातला मासा कुठल्या बाजूला तोंड करून उभा आहे ते सांगता येते. आणि म्हणूनच समुद्रकाठची वाळूची मैदाने सोडली, तर भर हिवाळ्यात खेळता येण्यासारखी जागा म्हणजे ह्या टेकड्या.

मी ज्या जमिनीवर वाढलो ती दख्खनच्या पठारावरची, काळ्या बेसाल्टची. तो लाव्हा वाहिला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला. म्हणजे इंग्लंडातला खडू साठायचा थांबतो, आणि त्यानंतर फार उशीर न होता आपला काळा दगड सुरू होतो. पृथ्वीच्या वहीत आधीचे पान पांढरे आणि पुढचे काळे. आजोबा शिक्षक, त्यामुळे त्यांना हे फार आवडले.

आणि झाडे. मी मनाशी उघडी टेकडी धरून चाललो होतो. ती पूर्वी तशीच होती. शतकानुशतके मेंढ्या चरत, त्या एकही रोप वर येऊ देत नसत. मेंढ्या गेल्या आणि झाडे आली. काही मुद्दाम लावलेली, काही पाखरांनी. आता फेअरवेच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या भिंती आहेत. बीचची खोडे हत्तीच्या पायासारखी, राखाडी आणि गुळगुळीत, आणि मे महिन्यातली त्यांची पालवी इतकी कोवळी की उन्हात पोपटी काच वाटावी. मध्येच काळपट, गंभीर यू. इंग्रजांच्या दफनभूमीत हमखास असणारे झाड. हॉथॉर्नची काटेरी झुडपे पांढऱ्या फुलांनी लगडलेली. त्या फुलालाच इकडे 'मे' म्हणतात. काही झाडे मात्र शेंड्याकडून वाळत चाललेली दिसली. ती ॲशची. ब्रिटनमध्ये २०१२ साली पहिल्यांदा सापडलेल्या बुरशीच्या रोगाने ती मरताहेत. खडूच्या जमिनीवर ॲश फार, त्यामुळे ह्या भागाला त्याचा फटका मोठा. गंमत अशी की, इकडच्या निसर्गप्रेमींमध्येच आता दोन तट आहेत. एक म्हणतो झाडे वाचवा, दुसरा म्हणतो झाडे काढा. कारण खडूच्या टेकडीवरचे मूळचे वैभव म्हणजे तिचे आखूड गवत. त्यात रानथाइम, इवलाली फुले आणि त्यांच्यावर जगणारी निळी फुलपाखरे. सावली पडली की ते सगळे जाते. झाड तोडा म्हणणारा पर्यावरणवादी मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

पहिल्या टीवर आम्ही तिघेच. मंगळवारची दुपार, गर्दी नव्हती. आजोबांनी चेंडू ठेवला, कसलीही घाई न करता काठी फिरवली आणि चेंडू दीडशे यार्ड सरळ गेला. सरळ म्हणजे दोरी लावल्यासारखा. चिरंजीवांनी दोनशे वीस यार्ड मारला, तोही उजवीकडच्या झाडांत. माझा पहिला फटका चेंडूच्या डोक्याला लागला आणि चेंडू वीस पावलांवर जाऊन थांबला. आजोबा म्हणाले, "छान. निदान सापडला तरी."

माझ्या खेळाचे वर्णन करून वाचकांचा रविवार वाया घालवत नाही. पहिल्या पाच होलांत मी किती फटके मारले ते चिरंजीवांनी कागदावर लिहिणे सोडून दिले होते. त्यापेक्षा चालता चालता आजोबांनी जी गोष्ट सांगितली ती महत्त्वाची.

१८९४ साली ह्या क्लबच्या नोकरीत एक तेवीस वर्षांचा व्यावसायिक खेळाडू होता. जॉन हेन्री टेलर. डेव्हनमधल्या नॉर्दम गावचा, मजुराचा मुलगा. अकराव्या वर्षी शाळा सुटली. एका बड्या घरी बूट पुसायचे काम, आणि शेजारच्या वेस्टवर्ड हो! च्या मैदानावर साहेबांच्या पिशव्या उचलायच्या. सैन्यात जायचे होते, तर पाय सपाट आणि नजर कमजोर म्हणून घेतले नाही. मग त्याच मैदानावर गवत राखायला लागला. हा मुलगा विंचेस्टरला नोकरीत असताना सँडविचला गेला आणि ब्रिटिश ओपन जिंकून आला. ती स्पर्धा स्कॉटलंडबाहेर खेळली जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि ती जिंकणारा टेलर हा पहिला इंग्रज व्यावसायिक. पुढच्या वर्षी थेट सेंट अँड्रूजला जाऊन, स्कॉट लोकांच्या घरात, त्याने ती पुन्हा जिंकली. एकूण पाच वेळा. वार्डन, ब्रेड आणि टेलर ह्या तिघांनी १८९४ ते १९१४ च्या दरम्यान ही स्पर्धा सोळा वेळा आपसांत वाटून घेतली.

"आणि त्याची खासियत काय होती माहीत आहे?" आजोबा म्हणाले. "म्याशी. म्याशी म्हणजे हल्लीची पाच नंबरची लोखंडी काठी. टेलरच्या हातात म्याशी असली की..."

पुढचे मला नीट ऐकू आले नाही. म्याशी हा शब्द मी १९६८ नंतर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

आता सांगणे भाग आहे.

आमचे गाव कँटोन्मेंटचे. त्याचे नाव लिहीत नाही. गावाबाहेर माळावर गोल्फचे मैदान होते. इथल्यासारखे हिरवे नव्हे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर सगळे पिवळे. होलभोवती ग्रीन नव्हतेच, ब्राऊन होते. म्हणजे बारीक वाळूत तेल मिसळून, दाबून केलेला गोल. साहेब चेंडू ढकलण्याआधी पोरांनी त्यावर गोणपाट ओढून पावलांच्या खुणा पुसायच्या. आबा, म्हणजे माझे वडील, तिथे कॅडी होते. पोरवयात आगेवाला म्हणून लागले. आगेवाला म्हणजे पुढे जाऊन उभा राहणारा, चेंडू कुठे पडतो त्यावर नजर ठेवणारा. मग पिशवी उचलणारे झाले. पितळी बिल्ला होता, नंबर एकतीस. सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर जाऊन आगेवाल्याचे काम करत असे.

१९४७ साली विलायतेला परत जाणाऱ्या एका गोऱ्या मेजरने आबांना एक काठी दिली होती. हिकरीच्या लाकडाचा दांडा, गंजलेले लोखंडी डोके. तोपर्यंत लोखंडी दांड्याच्या काठ्या आल्या होत्या, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ती अडगळ. आबांच्या दृष्टीने काय होती ते कसे सांगू? खंडेनवमीला कोयता आणि विळ्याशेजारी ती मांडलेली असे, दांड्याला जवसाचे तेल पाजून. तिचे नाव म्याशी. आई तिला 'तुमची माशी' म्हणायची.

कॅडींना खेळायची परवानगी नव्हती. पण साहेब लोक चहाला गेले, सूर्य टेकला, की लांबच्या टोकाच्या दोन होलांवर चार-पाच जण एकाच काठीने खेळत. पैजा लागत, एका विडीच्या. आबा त्यांच्यात सगळ्यात चांगले खेळत. मी मुलगा म्हणून सांगत नाही. नंतर मोठेपणीही मला त्यांचे मित्र भेटत आणि हेच सांगत. दीडशे पावलांवरून ते चेंडू त्या तेलाच्या गोलावर टाकत आणि तो तिथेच मरून पडे. मी दहा वर्षांचा होतो. माझे काम पहारा देण्याचे. बाभळीच्या चढावर उभे राहायचे, रस्त्याने कुणी येताना दिसले तर शिट्टी घालायची.

त्या संध्याकाळी मला उतारावर, घाणेरीच्या झुडपात काहीतरी पांढरे दिसले. चेंडू. जवळजवळ नवा. असा चेंडू पुन्हा साहेबांना विकला तर आठ आणे मिळत. मी खाली उतरलो. काट्यांत हात घालून तो काढेपर्यंत किती वेळ गेला कुणास ठाऊक. वर आलो तेव्हा मोटार येऊन थांबली होती आणि आबा हातात म्याशी घेऊन उभे होते.

साहेब गोरे नव्हते. स्वातंत्र्य मिळून एकवीस वर्षे झाली होती. आपलेच होते, त्यातले एक तर मराठी बोलणारे. आधी खेळल्याबद्दल बोलणे झाले, मग काठी कुठून आणली ह्यावर. मेजरने दिली म्हणावे तर कागद कुठे होता? दुसऱ्या दिवशी आबांना बोलावले. बिल्ला आणि काठी दोन्ही जमा कर म्हणाले. आबांनी बिल्ला दिला, काठी दिली नाही. बावीस वर्षांची नोकरी, म्हणजे नोकरी तरी कसली, रोजंदारीच, ती संपली. त्यानंतर ते भाजी मंडईत हमाली करत. पिशवी उचलणारा खांदा पोते उचलू लागला. १९९४ साली गेले. मधल्या सव्वीस वर्षांत गोल्फ हा शब्द त्यांनी काढला नाही, आणि मला एकदाही विचारले नाही, की शिट्टी का घातली नाहीस.

हे सगळे त्या दुपारी टेग डाऊनवर माझ्या मनात होते, पण ओठावर आले नव्हते. ते आले ते एका चेंडूमुळे. मैदान साधारण अर्धे संपले असेल. आजोबांचा तो दोरी लावलेला चेंडू त्या दिवसात पहिल्यांदाच वाकडा गेला आणि डावीकडच्या बीचच्या गर्दीत शिरला. खाली गेल्या वर्षीची तांबडी पाने पसरलेली. २०१९ पासूनच्या नियमाने चेंडू शोधायला तीनच मिनिटे मिळतात. आमच्या वेळी पाच होती. ते दोघे इकडे तिकडे पाने परतत होते. मी सरळ चालत गेलो, दोन जुळी खोडे होती त्यांच्या मागे आठ पावलांवर थांबलो आणि वाकून चेंडू दाखवला. उचलला नाही. उचलायचा नसतो.

आजोबा माझ्याकडे पाहत राहिले. "तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली असणार हे मान्य. पण हे नजरेचं काम नाही. हे कुठे शिकलात?"

आबांनी शिकवले होते. चेंडूच्या मागे धावू नकोस. तो पडतो त्याच्या पलीकडचे एक झाड धर, आणि चालताना त्या झाडावरची नजर काढू नकोस, साहेब काही का बोलेना.

मी सांगितले. आधी इंग्रजीत, आजोबांना. मग कुठेतरी मराठी सुरू झाली आणि ती चिरंजीवांसाठी होती. बिल्ला, मेजर, मोटार, सगळे. शिट्टीपाशी आलो तेव्हा थांबलो. आजोबांना मराठी कळत नव्हती, पण ते पिशवी उचलून पन्नास पावले पुढे जाऊन उभे राहिले, टेकड्यांकडे तोंड करून. मग मी शिट्टीचेही सांगितले. आईला, सौ.ना, भावाला, कुणाला कधी न सांगितलेले.

चिरंजीव काही वेळ बोलले नाहीत. मला वाटले आता म्हणतील, तुम्ही लहान होतात, तुमची काय चूक. तसे म्हटले असते तर मला राग आला असता.

त्यांनी विचारले, "तो चेंडू सापडला होता का?"

"सापडला होता."

"काय केलंत त्याचं?"

"विहिरीत टाकला."

मागून दोन बाया येताना दिसल्या, त्यांना पुढे जाऊ देण्यासाठी आम्ही बाजूला झालो. त्यांनी हात केला, आम्ही हात केला. मग पुढच्या टीकडे निघालो.

उरलेल्या वाटेत आजोबांनी टेलरची गोष्ट पुरी केली. मुद्दाम केली असावी. त्या काळी व्यावसायिक खेळाडू क्लबच्या घरात पुढच्या दाराने येऊ शकत नसे. शिकवायचे, काठ्या दुरुस्त करायच्या, स्पर्धा जिंकून द्यायची, पण बसायचे बाहेर. १९२० साली डीलला ओपन झाली, तेव्हा अमेरिकेच्या वॉल्टर हेगनने भाड्याची आलिशान मोटार क्लबसमोर उभी केली आणि तीतच कपडे बदलले. टेलर त्या वळणाचा नव्हता. त्याने १९०१ साली व्यावसायिकांची संघटना उभी केली, तिचा पहिला अध्यक्ष झाला, आणि आयुष्यभर बैठका, पत्रे, अर्ज करत राहिला. ज्या वेस्टवर्ड हो! ला तो पोरपणी पिशव्या उचलत होता, त्या क्लबने १९५७ साली त्याला आपला अध्यक्ष केले. तेव्हा तो शहाऐंशी वर्षांचा होता.

ह्या गावाला अशा उशिरा केलेल्या दुरुस्त्यांची सवय असावी. त्या भल्यामोठ्या कॅथीड्रलचा पाया पाण्यात खचत चालला होता, तेव्हा विल्यम वॉकर नावाचा पाणबुडा १९०६ ते १९११ रोज खाली उतरला आणि काळोखात, हाताने चाचपत, पंचवीस हजारांहून अधिक पोती काँक्रीट त्याने तळाशी रचली. पुढे त्याचा पुतळा केला तर चुकून चेहरा भलत्याचाच, कामावरच्या इंजिनीअरचा! ती चूक २००१ साली सुधारली. त्याच कॅथीड्रलमध्ये जेन ऑस्टिन पुरलेली आहे. १८१७ सालच्या तिच्या थडग्यावर तिचे गुण पुष्कळ कोरलेत, कादंबऱ्या लिहीत असे हे सोडून.

आपल्याकडेही दुरुस्त्या होतात. अली शेर हा दिल्लीचा कॅडी. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली होती. आबा तेव्हा होते. बाजेवर बसून तंबाखू मळत होते. मी तो अंक त्यांच्यासमोर ठेवायचा विचार केला, आणि घडी करून रद्दीत टाकला. रॉयल कलकत्ता क्लबच्या माळ्याचा मुलगा चौरसिया पुढे मोठा खेळाडू झाला आणि २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोन वर्षे, इंडियन ओपन जिंकला, तोवर आबा नव्हते.

शेवटाकडे एक छोटा होल आला. मध्ये उतार, पलीकडे ग्रीन, दोन्ही बाजूंना झाडे. अंतर साधारण दीडशे यार्ड. चिरंजीवांनी न विचारता पिशवीतून पाच नंबरची काठी काढून माझ्या हातात दिली. इथे वाचकांना वाटेल की आता चेंडू जाऊन होलाशेजारी पडणार. तो नाही पडला. पण बरा लागला. उडाला, झाडांच्या शेंड्यांच्या वर गेला, थोडा डावीकडे कलला आणि ग्रीनच्या अलीकडच्या वाळूच्या खड्ड्यात पडला. वाळूतून बाहेर काढायला मला चार फटके लागले. बाहेर आल्यावर मी दांडा घेऊन वाळूवरच्या माझ्या पावलांच्या खुणा पुसू लागलो. त्यासाठी तिथे लाकडी फावडे ठेवलेले असते. चिरंजीव पुढे आले आणि म्हणाले, "द्या, मी पुसतो." मी दिले नाही. ते काम मला चांगले येते.

अठरा होल संपले तेव्हा साडेसात वाजले होते आणि ऊन अजून झाडांच्या मधून लांबपर्यंत पडत होते. त्या उन्हाचे मला फार वाटले. इथे मे महिन्यात सूर्य टेकायला नऊ वाजतात. त्याला टेकायची अशी काही घाई नसते. मोटार यायच्या आत दोन होल उरकायची इथे गरजच नाही.

क्लबच्या घरात आम्ही पुढच्या दाराने गेलो. आजोबांनी दार धरून ठेवले. मी चहा मागितला, त्यांनी बिअर. माझा एकूण आकडा एकशे एक्केचाळीस, हे चिरंजीवांनी सौ.ना फोनवर सांगितले, आणि त्यांना वाटले जास्त म्हणजे चांगले. त्यांनी शेजारणीलाही ते कौतुकाने सांगितल्याचे नंतर कळले.

घरी आल्यावर मी गावी धाकट्या भावाला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. तो घाबरलाच.

"काय झालं दादा? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. आबांची ती काठी आहे का अजून?"

"कुठली काठी?"

"म्याशी."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "आहे की. मागं, न्हाणीघरात. मोरी तुंबली की तीच घालतो. का?"

"डोकं आहे ना तिचं?"

"आहे. गंजलंय. आणू का शोधून आत्ता?"

"आत्ता नको. सकाळी धुऊन, पुसून ठेव. आणि दांड्याला जवसाचं तेल पाज."

"दादा," तो म्हणाला, "मग मोरीला काय घालू?"